एकाच टाकीत चार औषधं

सून पहिल्या बाळंतपणाला अकोल्याला माहेरी निघाली त्या दिवशी ओटी भरून झाली होती, बॅगा गाडीत गेल्या होत्या, मुलगा खाली हॉर्न वाजवून राहिला होता, आणि ही बाई हॉलमधल्या फिशटँकसमोर उभी राहून मला पाणी कसं बदलायचं ते तिसऱ्यांदा सांगत होती. आठवड्यातून एकदा, तेही तिसरा हिस्सा. नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवून मगच टाकायचं. खाणं चिमूटभर. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. आणि काही वेगळं दिसलं तर हात लावायच्या आधी तिला फोन करायचा.

मी मान डोलावत होते, पण आतून जळत होते. अमरावतीत आमचं कृषी केंद्र आहे. आमचे हे चांदूर बाजारकडच्या शेतावर असतात, दुकान मी पाहते. वीस वर्षं त्या काउंटरवर बसून मी पान बघून रोग सांगते. मावा, तुडतुडे, करपा, भुरी, लाल कोळी, काय म्हणाल ते. माणसं दहा-दहा कोसांवरून पिशवीत पान घालून माझ्याकडे येतात. आणि ही पोरगी मला पाच मासे सांभाळायला शिकवते! तोंडावर म्हटलं, "जा तू निवांत. मी आहो ना."

तो टँक तिच्यासोबत लग्नात रुखवताबरोबरच आला होता. पाचही गोल्डफिश. त्यातला मोठा नारंगी तिच्याकडे सात वर्षांपासून होता. त्याच्या शेपटीला एका बाजूनं जुनी चीर होती. काळा, डोळे बाहेर आलेला एक, आणि तीन लहान. आमच्या घरात कोणाला माशांचं कौतुक नव्हतं, पण ती सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जायच्या आधी दहा मिनिटं त्यांच्यापुढे बसायची. मी तिला एकदा विचारलंही होतं, की एवढं काय पाहून राहिली? ती म्हणाली, रोज पाहिलं की एखाद्या दिवशी वेगळं दिसतं ते कळतं. मला ते तेव्हा रिकामपणाचं वाटलं.

आता खरी गोष्ट सांगते. तिची रजा जूनमध्ये संपणार होती. नंतर बाळ कोणाजवळ राहील, हे कोणी उघड बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या डोक्यात तेच होतं. तिच्या आईचं म्हणणं, बाळ अकोल्यालाच ठेवा. मला माझं नातवंड माझ्या घरात पाहिजे होतं. किती पाहिजे होतं ते सांगायला मला लाज नाही, मी पाळण्याच्या दोऱ्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या. मुलाच्या पोटात काही राहत नाही. एक दिवस तो नांदगाव पेठेच्या कापड मिलमधून शिफ्ट करून आला, जेवता जेवता सांगून बसला की सून हसत हसत म्हणाली होती, आईंना आधी मासे तर सांभाळू दे, मग बाळाचं पाहू. तो हसला. मी हसले नाही. त्या दिवसापासून ते मासे माझ्यासाठी मासे राहिलेच नाहीत, परीक्षा झाली.

परीक्षेत जास्तीचे मार्क घ्यायची हौस मला लहानपणापासून. पंधरा दिवस सगळं नीट चाललं. मग वाटलं, टँक जरा ओकाबोका दिसतो, ती व्हिडिओ कॉलवर पाहील तर खूश होईल. बाजारातून दोन नवे मासे आणले आणि पिशवी कापून सरळ टँकमध्ये सोडले. शेतकऱ्यानं रोपवाटिकेतून रोपं आणली की मी त्याला दहा वेळा बजावते, आधी मुळं पाहा, पानं उलटून पाहा, चार दिवस वेगळी ठेवा, कोणाच्या शेतातला रोग आपल्या शेतात आणू नका. हे सांगणारी मीच. माशांच्या वेळी माझी अक्कल कुठं गवत खायला गेली होती कोण जाणे.

डिसेंबरची थंडी पडली. नवे मासे सोडल्यापासून आठव्या दिवशी त्यातल्या एकाच्या शेपटीवर पांढरे दाणे दिसले, रव्याएवढे. दुसऱ्या दिवशी ते काळ्यावर होते, तिसऱ्या दिवशी सगळ्यांवर. मासे तळाच्या खड्यांना अंग घासत होते, पंख अंगाला मिटून एका कोपऱ्यात थांबत होते. मी ओळखलं की रोग आहे. एवढं कोणालाही कळलं असतं. पुढचं मात्र फक्त माझ्यासारख्या दुकानवालीलाच सुचू शकतं.

आमच्याकडे फवारणीला निघालेला माणूस एकच औषध कधी मारत नाही. अळीचं, किडीचं, बुरशीचं आणि वरून टॉनिक, सगळं एकाच पंपात. मजूर एकदाच लागतो, फेरा एकदाच होतो, आणि काय असेल ते मरते. मोजमाप बाटलीच्या टोपणानं. मी नको म्हणते, पण त्यांच्यासमोर चार बाटल्या मांडतेही मीच. त्याच हिशेबानं मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. त्यानं विचारलं, टँक किती लिटरचा? मी म्हटलं, मोठा आहे. त्यानं एक बाटली पुढे केली, म्हणाला की हीच पुरते, सोबत पाणी जरा कोमट करा. मी त्याला म्हटलं, मी पण औषधाचंच दुकान चालवते, मला शिकवू नका. निळं औषध घेतलं, हिरवं घेतलं, बुरशीची पिवळी पूड घेतली आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सूल. घरी येऊन सगळं टोपणानं मोजून एकदमच टाकलं. वरून स्पंज नळाखाली घासून घासून पांढरा केला, म्हटलं रोगाचं मूळच नको. सुनेला फोन करायचा, हे मनात आलं होतं. मुद्दाम केला नाही. बरं करून मग सांगू, असं ठरवलं.

सकाळी चहा ठेवायला उठले तर टँकचं पाणी गढूळ हिरवं-निळं झालेलं. दोन्ही नवे मासे वर तरंगत होते. काळा तळाशी आडवा पडला होता, हात लावला तरी हलला नाही. बाकीचे चार पाण्यावर तोंड काढून भराभर श्वास घेत होते, कल्ले लालभडक. मी तशीच गाऊनवर शाल घेऊन खुर्चीवर बसले. माझ्याच घरात मी कोणाचं तरी काही मारलं, आणि तेही बरं करायला जाऊन. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

माशांचं दुकान उघडायच्या आधी मी त्या दुकानदाराच्या दारात उभी होते. कालची ऐट अंगात नव्हती. सगळं सांगितलं, टोपणासकट. त्यानं मला टोमणा मारला नाही. त्यानं मारला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "ताई, मासे रोगानं नाई मेले. औषधानं मेले."

हेच वाक्य मी दर हंगामात कोणाला तरी ऐकवते. कपाशी किडीनं नाही, तुमच्या फवाऱ्यानं जळली. आता ते माझ्या कानात आलं आणि तिथंच रुतून बसलं. मी त्याला म्हटलं की चार शिल्लक आहेत, त्यांना वाचवायचंच आहे, काय करू ते एक-एक सांगा, आणि मी मधे बोलणार नाही. मधे न बोलणं मला किती जड जातं ते आमच्या घरी विचारा.

त्यानं सांगितलं. फिल्टरच्या स्पंजमध्ये बारीक जिवाणू राहतात, माशांच्या घाणीचं विष तेच जिरवतात. नळाच्या पाण्यानं आणि औषधानं मी ते मारले, म्हणून पाणीच विषारी झालं. आता औषध बंद. आठवड्यातून एकदा नव्हे, रोज तिसरा हिस्सा पाणी काढायचं आणि बादलीत दिवसभर मुरलेलं घालायचं. खाणं दोन दिवस नाही. हवेचा पंप अखंड चालू. मग साधं खडेमीठ, पाच लिटरला एक सपाट चमचा, एकदम नाही, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून. हीटर लावून पाणी रोज थोडंसंच गरम करत अठ्ठावीस-तीस अंशांवर न्यायचं. मी विचारलं, मग दाणे लगेच का जात नाहीत? तो म्हणाला, दाणा अंगावर असतो तोवर त्याला कोणतंच औषध लागत नाही. तो पिकून तळाशी पडतो, फुटतो, त्यातून बारीक पिल्लं पाण्यात निघतात, तेव्हाच ती मरतात. पाणी गरम केलं की हे सगळं लवकर लवकर होते. म्हणून दाणे दिसेनासे झाले तरी पुढं आठ-दहा दिवस सोडायचं नाही.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. अहो, अळी कोषात गेल्यावर फवारा वाया जातो, हे मीच लोकांना शिकवते! एवढी सोपी गोष्ट, आणि मी कोषावर चार बाटल्या ओतून आले होते.

घरी मुलगा उठला होता. त्याला मेलेला काळा दाखवला. तो म्हणाला, "आई, तिले सांगू नको. आठवा महिना आहे. सेम टू सेम काळा मी आणतो, अकोल्यात बसून काय कळनार?" गाडीची किल्लीही घेतली त्यानं. मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. चांगला अर्धा तास झाला. पण मग वाटलं, आज मासा बदलला तर उद्या बाळ पडलं-झडलं तेही झाकशील का गं तू? मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. नवे मासे, दाणे, चार औषधं, काळा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुमाले आधी फोन करा म्हटलं होतं, आई." आवाज चढवला नाही. रडलीही नाही. बरं म्हणून ठेवून दिला.

त्यानंतर मी कंबर कसली. लांबी-रुंदी-उंची मोजून टँकचे लिटर काढले. टोपण फेकून दिलं, चमचा आणि मापाचा मग आणला. चार बादल्या रांगेनं बाथरूममध्ये, कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ. सकाळ-संध्याकाळ टँकपुढं स्टूल टाकून बसायचं आणि वहीत लिहायचं: कोणी खाल्लं, कोणी नाही, पंख उघडे की मिटलेले, अंग घासतो का, वर येऊन श्वास घेतो का. लहानातल्या एकाच्या शेपटीची कड पांढरी होऊन झिजायला लागली, तर मी पुन्हा त्या दुकानदाराकडे गेले. तो म्हणाला, हे शेपटी कुजणं आहे, घाण पाण्यानं होते, पाणी चांगलं ठेवलं तर आपोआप थांबते, दुसरं काही टाकू नका. पोट फुगून खवले कणसासारखे उभे राहिले किंवा अंगावर कापसाचा पुंजका आला, तरच त्या माशाला वेगळ्या टबात घेऊन या म्हणे. तसं काही झालं नाही. शेपटी झिजायची थांबली, मग हळूहळू भरून आली. नवव्या दिवशी दाणे गेले. मी पुढचे दहा दिवस मोजून पूर्ण केले, एक दिवसही कमी नाही. चारही जगले. मोठा नारंगी तर माझी सावली दिसली की वर यायला लागला.

जानेवारीत नात झाली. मी अकोल्याला गेले, बाळाला मांडीवर घेतलं आणि मला जगात दुसरं काही नको झालं. तेवढ्यात ती दोनदा शिंकली. माझं तोंड लागलं चालायला: ओव्याची पुरचुंडी करून शेका, वेखंड लावा, घुटी उगाळा, छातीला तेल चोळा. चार उपाय एका दमात. सुनेनं फक्त हात पुढे करून बाळ माझ्या मांडीवरून उचललं आणि दुपट्यात नीट गुंडाळून स्वतःजवळ घेतलं. विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, वर्षाची होईस्तोवर राहू द्या इथंच, काय घाई आहे. सून नाही म्हणाली नाही. बाळाचं टोपरं सारखं करत खाली पाहत राहिली.

परतताना बसमध्ये मला आधी सुनेचाच राग आला. माशावरून माणसाची पारख करते काय ही? मी दोन पोरं वाढवलेली बाई! बडनेरा येईपर्यंत तो राग उतरला, कारण ती खोटी नव्हती. मी खरंच चार गोष्टी एकदम सांगितल्या होत्या. पोर शिंकली होती, दोनदा. बस्स. मला कोणी रोग दाखवला की काहीतरी दिल्याशिवाय राहवत नाही. वीस वर्षं काउंटरवर बसून माझा हात तसाच घडला आहे. हा हात बदलायचा, मग ती बाळ पाठवो की न पाठवो. मी तसं ठरवलं, आणि मी ठरवलं की ठरवलं.

ते दुकानात लगेच अंगाशी आलं. एक शेतकरी वांग्याचं पान घेऊन आला, दोन ठिपके होते. मी म्हटलं, आज काही मारू नका, चार दिवस रोज पाहा, वाढले तर या. तो माझ्याकडे असा पाहून राहिला जसं मला ताप आला आहे. म्हणाला, "ताई, तुमी औषध नाई देत त मी कायले आलो?" आणि सरळ बाजूच्या दुकानात गेला, तीन बाटल्या घेऊन समोरूनच निघाला. मला राग आला, पण मी त्याला हाक मारली नाही. मला माझंच रूप पाठमोरं जाताना दिसलं.

फेब्रुवारी संपत आला, उन्हं तापायला लागली. एका सकाळी मोठ्या नारंगीच्या गालांवर पांढरे ठिपके दिसले. उरलेलं निळं औषध कपाटातच होतं. मी ते हातात घेतलं, झाकणाला बोटंही लागली. मग मी बाटली खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि वही उघडली. डिसेंबरचे दाणे अंगभर होते, शेपटीवर, पंखांवर, कुठंही. हे फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या पंखांच्या कडेवर, ओळीनं, एकसारखे. अंग घासत नव्हता. पंख ताठ. खाणं दिसलं की सगळ्यांच्या आधी वर. उलट दुसऱ्यांच्या मागंच धावत होता. बाकी तिघांच्या अंगावर एक ठिपका नाही. हे काय आहे ते मला माहीत नव्हतं, हे मी वहीत लिहिलं. पाणी नेहमीसारखं बदललं, बाकी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. ते तीन दिवस मला घरात धड जेवण गेलं नाही, आणि मुलाला मी चार वेळा विनाकारण झापलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनेचा व्हिडिओ कॉल आला. बाळ दाखवलं, मग म्हणाली, मासे दाखवा ना. मी फोन टँकजवळ नेला. मोठा पुढे आला, आणि तिला ठिपके दिसले.

"आई, काय टाकलं तुमी त्यात?"

"काहीच नाही. तीन दिवस झाले, पाहून राहिली. खाते, धावते, अंग घासत नाही. दुसऱ्या कोनाले नाही. मले समजलं नाही ते काय आहे. समजलं नाही त कायले टाकू?"

पलीकडं बाळ कुरकुरत होतं, ती त्याला थोपटत असावी. मग म्हणाली, "तो नर आहे आई. दर वर्षी या दिवसांत असे ठिपके येतात त्याले, विणीचे दिवस असतात. मी सांगायचंच विसरली. औषध टाकलं असतं तर..." पुढचं तिनं सोडून दिलं. विहीणबाई मागून काहीतरी विचारत होत्या, तिनं त्यांना थांबा म्हटलं.

"मी जूनमध्ये कामावर येते म्हणून कळवते कॉलेजले. पोरीले तुमच्याजवळ ठेवते, आई."

फोन तसाच माशाकडे धरून उभी राहिले, म्हणून बरं. माझं तोंड तिला दिसलं नाही.